वेदनाशामके व प्लॅनेरियातील पुनर्जनन

वेदना, ज्वर आणि शोथ (ऊतकाची दाहयुक्त सूज) कमी करण्यासाठी माणसांना व पाळीव जनावरांना देण्यात येणाऱ्या ॲस्पिरिन, इब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक इ. औषधांचा, चपट्या कृमींच्या गमावलेले अवयव पुन्हा निर्माण करण्याच्या क्षमतेवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. या औषधांचा काही अंश शरीरातून मूत्रावाटे बाहेर पडून वाहितमलात (सांडपाण्यात) व तेथून नद्या आणि कालवे यांत जातो. गोड्या पाण्यातील ज्या प्राण्यांना औषधाची गरज नाही त्यांनाही ते अशा रीतीने मिळते. त्यामुळे मुळात प्रयोगशाळेपुरता असलेला हा प्रश्न नदीकाठच्या शहरांपर्यंत, विशेषतः पुण्याच्या पूर्वेस असलेल्या हडपसरसारख्या भागांपर्यंत, येऊन पोहोचला आहे.

प्लॅनेरिया हे पृथुकृमी (प्लॅटिहेल्मिंथिस) संघातील मुक्तजीवी प्राणी होत. पट्टकृमी व यकृत-पर्णकृमी हे परजीवी प्राणी याच संघातील आहेत. ओढे, झरे व तळी यांतील दगडांच्या व पाण्यात पडलेल्या पानांच्या खालच्या बाजूस प्लॅनेरिया आढळतात. शरीर मऊ, चपटे व साधारणपणे ०.५ ते २ सेंमी. लांब असते. शीर्षावर दोन नेत्रबिंदू असतात. मुख शीर्षावर नसून अधर बाजूस शरीराच्या मध्याजवळ असते व त्यातून नळीसारखी ग्रसनी बाहेर काढून प्राणी भक्ष्य शोषून घेतो. देहगुहा, श्वसनेंद्रिये व रक्ताभिसरण तंत्र नसल्याने वायूंची देवघेव त्वचेतून होते. अर्थात पाण्यात विरघळलेला पदार्थही याच मार्गाने सर्व शरीरात सहज शिरतो. पाण्यातील द्रव्यांच्या चाचण्यांसाठी हा प्राणी निवडला जातो त्याचे एक कारण हे आहे.

पुनर्जनन : प्लॅनेरियाच्या पुनर्जननाची नोंद पी. एस. पालास यांनी १७६६ मध्ये केली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे. जी. डॅलिएल यांनी त्याचा अधिक अभ्यास केला. टी. एच. मॉर्गन पुढे फळमाशीवरील आनुवंशिकीच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झाले. परंतु त्याआधी, १८९८ च्या सुमारास, त्यांनी प्लॅनेरियाचे तुकडे करून मूळ शरीराच्या सु. २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यापासूनही पूर्ण प्राणी तयार होऊ शकतो असे अनुमान काढले. आडवा छेद घेतल्यास शीर्षाच्या तुकड्याला पुच्छ व पुच्छाच्या तुकड्याला शीर्ष येते. मधल्या तुकड्याला दोन्ही येतात. योग्य तापमानात नेत्रबिंदू पहिल्या आठवड्यातच दिसू लागतात आणि एक ते दोन आठवड्यांत मेंदूसह शीर्ष पूर्ण होते.

या क्षमतेचा आधार निओब्लास्ट नावाच्या अविभेदित कोशिका हा आहे. शरीरातील एकूण कोशिकांपैकी सु. २० ते ३०% कोशिका या प्रकारच्या असतात, आणि प्रौढ प्राण्यात विभाजन पावणाऱ्या कोशिका याच होत. क्ष-किरणांच्या माऱ्याने त्या नष्ट केल्यास पुनर्जनन थांबते व प्राणी काही आठवड्यांत मरतो. २०११ मध्ये अमेरिकेत डी. ई. वॅग्नर, आय. ई. वांग व पी. डब्ल्यू. रेडियन यांनी असा किरणित प्राणी घेऊन त्यात दुसऱ्या प्राण्यातील एकच निओब्लास्ट सोडला. त्या एका कोशिकेच्या संततीने सर्व ऊतके पुन्हा उभारली व प्राणी वाचला.

जखम झाल्यावरचा घटनाक्रम वेदनाशामकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रथम स्नायूंच्या आकुंचनाने जखम लहान होते व त्वचेच्या कोशिका पसरून ती झाकतात. सु. ६ तासांनी सर्व शरीरभर निओब्लास्टांच्या विभाजनाची पहिली लाट येते. ती टाचणी टोचल्यासारख्या साध्या जखमेनेही येते. सु. ४८ तासांनी दुसरी लाट येते. ती जखमेपाशीच असते आणि शरीराचा भाग खरोखर नाहीसा झाला असेल तरच उद्‌भवते. या दुसऱ्या लाटेतून छेदाच्या टोकाशी ब्लास्टेमा नावाचा रंगहीन कोशिकापुंज तयार होतो व त्यातून नवा अवयव घडतो. कोणत्या टोकाला शीर्ष आणि कोणत्या टोकाला पुच्छ यावयाचे हे डब्ल्यूएनटी या प्रथिनांच्या संदेशवहनावर अवलंबून असते. २००८ मध्ये प्रयोगाने ते संदेशवहन खंडित केले असता पुच्छाच्या जागीही शीर्ष आले. म्हणून एखादे औषध पुनर्जननात अडथळा आणते असे म्हणताना ते जखम मिटण्यास, विभाजनास, ब्लास्टेमाच्या वाढीस की ध्रुवतेस बाधक आहे, हे सांगावे लागते. केवळ ‘वाढ उशिरा झाली’ एवढ्या निरीक्षणावरून यांतील काहीच कळत नाही.

वेदनाशामकांची क्रिया : ॲस्पिरिन १८९७ मध्ये शुद्ध स्वरूपात तयार झाले, परंतु ते कशामुळे गुणकारी ठरते याचा उलगडा होण्यास पाऊणशे वर्षे लागली. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये असे दाखविले की, ॲस्पिरिन व त्यासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिने या संयुगांची निर्मिती थांबवितात. या कार्यासाठी त्यांना एस. बर्गस्ट्रोम व बी. सॅम्युएल्सन यांच्यासमवेत १९८२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोशिकापटलातून सुटलेल्या ॲराकिडॉनिक अम्ल या वसाम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमाच्या साहाय्याने प्रोस्टाग्लँडिने बनतात. ॲस्पिरिन या एंझाइमाला कायमचे निकामी करते, तर इब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक त्याच्या क्रियास्थानी तात्पुरती अडवणूक करतात. पॅरासिटामॉलची शोथविरोधी क्रिया अल्प असून त्याची गणना सामान्यतः या गटात करीत नाहीत. एंझाइमाचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुतेक ऊतकांत सदैव असतो, दुसरा मुख्यतः जखम व शोथ यांच्या वेळी निर्माण होतो.

प्रोस्टाग्लँडिने केवळ वेदना वाढवितात असे नाही. त्यांपैकी ई–२ हे जखमेच्या जागी कोशिका-विभाजनास व नव्या रक्तवाहिन्यांस चालना देते. म्हणजे वेदनेचा आणि डागडुजीचा संदेश पुष्कळ अंशी एकच आहे. वेदना थांबविताना डागडुजीही मंदावते काय, ही शंका येथून निघते; आणि पृष्ठवंशी प्राण्यांपुरती ती निराधार नाही. २००२ मध्ये दुसऱ्या प्रकारचे सायक्लोऑक्सिजनेज नसलेल्या उंदरांत अस्थिभंग नीट सांधत नाही असे आढळले. उलट, २०१५ मध्ये प्रोस्टाग्लँडिन ई–२ चे विघटन रोखणारे संयुग दिलेल्या उंदरांत यकृताचा कापलेला भाग अधिक वेगाने भरून आला. माणसातील अस्थिभंगाविषयीचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत.

भारतात या दिशेने झालेले ठळक काम बडोद्याचे आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिविज्ञान विभागात सुरेश बालकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी घरात आढळणाऱ्या पालीच्या (हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिस) शेपटीवर प्रयोग केले. शेपूट गळून पडल्यावर पहिल्या काही दिवसांत जखमेच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या सायक्लोऑक्सिजनेजाची क्रिया व ई–२ चे प्रमाण वाढते. एटोरिकॉक्सिब हे त्या एंझाइमावर निवडकपणे क्रिया करणारे वेदनाशामक दिल्यास जखमेवरील उपकला व ब्लास्टेमा तयार होण्यास विलंब लागतो, असे २००८ पासूनच्या त्यांच्या निबंधांत दाखविले आहे. सांधेदुखीसाठी माणसांना दिले जाणारे औषध भिंतीवरच्या पालीच्या शेपटीची वाढ लांबणीवर टाकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी मौजेची वाटते. पण एंझाइम दोघांत एकच असल्याने त्यात आश्चर्य नाही.

प्लॅनेरियाच्या बाबतीत ही साखळी जशीच्या तशी लावता येत नाही, आणि या विषयावरील अनेक लोकप्रिय विवेचनांत नेमकी हीच चूक आढळते. सायक्लोऑक्सिजनेज सर्व प्राण्यांत नसते. प्रवाळांत ते आहे. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीत नाही, तरीही तो दुसऱ्या मार्गाने प्रोस्टाग्लँडिने बनवितो. शिस्टोसोमा या परजीवी पृथुकृमीच्या जीनसंचातही या एंझाइमाशी जुळणारे जीन आढळलेले नाही; तो प्रोस्टाग्लँडिन मात्र वेगळ्या एंझाइमाच्या साहाय्याने तयार करतो. प्लॅनेरिया त्याच संघातील असल्याने त्यावर वेदनाशामकाचा परिणाम दिसलाच, तर तो माणसातील मार्गाने झाला असे गृहीत धरता येत नाही. ही औषधे जास्त मात्रेत कोशिकापटलांवर व कलकणूंवर (ऊर्जा निर्माण करणाऱ्या कोशिकांगांवर) थेट क्रिया करतात, आणि बारीक त्वचेच्या प्राण्यात तेवढ्यानेही विभाजन मंदावू शकते.

औषधाचा प्लॅनेरियावरील परिणाम त्याच्या माणसातील गुणधर्मावरून ओळखता येत नाही, याचे उत्तम उदाहरण प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाचे आहे. शिस्टोसोमा रोगावर ते सर्रास वापरतात. २००९ मध्ये टी. नोगी, जे. एस. मार्चंट व त्यांचे सहकारी यांनी ड्युगेसिया जॅपोनिका या प्लॅनेरियाचे तुकडे त्याच्या विद्रावात ठेवले, तेव्हा पुष्कळ तुकड्यांना दोन्ही टोकांस शीर्षे आली. पुनर्जनन थांबले नव्हते. त्याची दिशा चुकली होती. याचे कारण कोशिकेत शिरणाऱ्या कॅल्शियमाच्या मार्गांशी निगडित असल्याचे आढळले.

प्रयोगातील अडचणी : शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पांत दुकानातून आणलेली गोळी पाण्यात विरघळवून त्यात प्लॅनेरियाचे तुकडे सोडण्याची पद्धत रूढ आहे. तिच्यातून निघणारे निष्कर्ष बहुधा टिकत नाहीत. इब्युप्रोफेनाची ४०० मिग्रॅ.ची गोळी १ लि. पाण्यात घातली, तर दर लि.स १ मायक्रोग्रॅम एवढे औषध असलेल्या नदीच्या पाण्याच्या ४ लाख पट संहती होईल. शिवाय हे औषध शुद्ध पाण्यात दर लि.स सु. २० मिग्रॅ. एवढेच विरघळते, बाकीचे तळाशी राहते. गोळीतील पिष्ट, रंग व इतर भरण-द्रव्येही विद्रावात उतरतात. औषध विरघळावे म्हणून अल्कोहॉल किंवा डायमिथिल सल्फॉक्साइड वापरले, तर त्या विद्रावकांचाही प्लॅनेरियाच्या हालचालींवर परिणाम होतो. म्हणून केवळ विद्रावक घातलेला स्वतंत्र तुलनासंच ठेवावा लागतो.

अम्लतेची बाब अधिक सूक्ष्म आहे. ही औषधे दुर्बल अम्ले आहेत. पाणी किंचित अम्लधर्मी असेल, तर त्यांचे जास्त रेणू विद्युत् भाररहित स्वरूपात राहतात व कोशिकापटलातून सहज आत जातात; पाणी अल्कधर्मी असल्यास ते आयनरूपात बाहेर राहतात. पीएच मूल्य न मोजता केलेल्या दोन प्रयोगांची तुलना त्यामुळे व्यर्थ ठरते. ॲस्पिरिनाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. पाण्यात त्याचे हळूहळू सॅलिसिलिक अम्ल व ॲसिटिक अम्ल यांत विघटन होते. विद्राव न बदलता दहा दिवस चाललेल्या प्रयोगात अखेरीअखेरीस प्राणी ॲस्पिरिनात नव्हे, तर मुख्यतः सॅलिसिलिक अम्लात असतो. रोज ताजा विद्राव देणे, तापमान स्थिर ठेवणे, सारख्याच आकाराचे व काही दिवस उपाशी ठेवलेले प्राणी घेणे आणि ब्लास्टेमाचे क्षेत्रफळ व नेत्रबिंदू दिसण्याचा दिवस या दोन्हींची नोंद करणे आवश्यक असते.

रीतसर केलेल्या चाचण्यांपैकी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ड्युगेसिया जॅपोनिकावरील चाचणी औषधी गुणांच्या तीस संयुगांची होती. तीत पाहिली गेली ती तीव्र विषाक्तता. म्हणजे थोड्या काळातील मृत्यूचे प्रमाण. पुनर्जनन हा त्याहून नाजूक निकष आहे. तो वापरून झालेले उल्लेखनीय काम प्लॅनेरियावर नसून जलव्याल (हायड्रा) या दुसऱ्या पुनर्जननक्षम प्राण्यावर आहे. वेल्समधील कार्डिफ येथे डी. पॅस्को व सहकारी यांनी २००३ मध्ये इब्युप्रोफेन व ॲस्पिरिनसह दहा औषधे तपासली. अखंड जलव्यालांच्या जगण्यावर परिणाम दिसला नाही. परंतु कापलेल्या जलव्यालांचे पुनर्जनन डायझेपाम, डिगॉक्सिन व ॲम्लोडिपीन यांनी दर लि.स १० मायक्रोग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत मंदावले. पहिले औषध गुंगीचे, दुसरे हृदयाचे आणि तिसरे रक्तदाबाचे. वेदनाशामकांचा त्यांत समावेश नव्हता. कॅनडातील २००८ च्या, अकरा औषधांच्या चाचणीत मात्र जलव्यालाच्या शरीररचनेत बिघाड करणाऱ्या औषधांत इब्युप्रोफेन व नॅप्रॉक्सेन ही वेदनाशामके वरच्या क्रमांकावर होती; तेथील मात्रा दर लि.स मिग्रॅ.च्या पातळीवरची होती. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. मात्रा, कालावधी व निकष बदलले की उत्तर बदलते.

जलव्यालावरील संशोधनाची परंपरा पुण्यातही आहे. शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली व तिच्या संशोधन संस्थेस पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. या संस्थेत सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक जलव्यालाचे वर्णन व वर्गीकरण केले (२०११). ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या नावाने तो वाण आता पुनर्जननाच्या अभ्यासात वापरला जातो. परदेशी वाणांवरील चाचण्यांचे आकडे येथील पाण्याला लावण्याऐवजी येथल्याच प्राण्यावर चाचणी करण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

पाण्यातील वेदनाशामके व हडपसर : वाहितमल-संस्करण केंद्रांची रचना सेंद्रिय मळ व सूक्ष्मजंतू कमी करण्यासाठी केलेली असते, औषधे काढून टाकण्यासाठी नव्हे. तरीही पॅरासिटामॉल व इब्युप्रोफेन यांचा बहुतेक भाग जंतूंच्या क्रियेने तेथे नष्ट होतो. डायक्लोफिनॅक चिवट असून त्याचा बराच भाग संस्करणानंतरही पाण्यात उरतो. सूर्यप्रकाशात मात्र त्याचे विघटन होते. त्यामुळे उघड्या, उथळ प्रवाहात ते कमी होत जाते व गढूळ पाण्यात टिकते. ट्राउट माशांना दर लि.स ५ मायक्रोग्रॅम डायक्लोफिनॅक असलेल्या पाण्यात चार आठवडे ठेवले असता त्यांच्या मूत्रपिंडांत व कल्ल्यांत विकृती आढळल्या (२००४). यूरोपीय संघाने २०१५ मध्ये हे औषध पाण्यातील देखरेखीखालील पदार्थांच्या यादीत घातले. भारतात त्याची कुप्रसिद्धी वेगळ्या कारणाने झाली. औषध दिलेल्या गुरांची प्रेते खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी घालण्यात आली. माणसांसाठीचा वापर चालू आहे, आणि नदीत येणारा अंश मुख्यतः त्याचा असतो.

मुळा व मुठा यांचा संगम पुण्यात होतो आणि शहराचे संस्कारित व असंस्कारित सांडपाणी घेऊन मुळा-मुठा पूर्वेकडे हडपसर, मुंढवा व मांजरी यांच्या बाजूने वाहते. खडकवासला धरणाचा मुठा उजवा कालवाही हडपसरवरून पुढे जातो. त्याच्या जोडीला एकोणिसाव्या शतकातील जुना कालवा आहे; तो ‘बेबी कालवा’ या नावाने ओळखला जातो. शहराने धरणातील जास्त पाणी घ्यावे व त्याच्या मोबदल्यात शेतीला संस्कारित सांडपाणी द्यावे, या व्यवस्थेनुसार मुंढवा येथे नदीतील पाणी उपसण्यासाठी जॅकवेल बांधण्यात आली. तेथून नळाने आणलेले पाणी हडपसरजवळ साडेसतरा नळी येथे बेबी कालव्यात सोडतात व ते लोणी काळभोर, उरुळी कांचन यांवरून दौंड तालुक्याकडे जाते. वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट पाणी देण्याची ही योजना होती. पाण्याच्या प्रतीविषयी लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या तक्रारी वेळोवेळी आलेल्या आहेत. नदीसुधारणेच्या कामात अकरा नवी संस्करण केंद्रे बांधण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये मंजुरी दिली.

या पाण्याची तपासणी नेहमी ऑक्सिजनाची जैव मागणी, निलंबित कण व कोलिफॉर्म जंतूंची गणना यांपुरती होते. पुण्यातील मुठेच्या गाळात, अखेरच्या उपायादाखल राखून ठेवलेल्या प्रतिजैविकांनाही दाद न देणारी जीने शहराच्या वरच्या बाजूपेक्षा शहरात अनेक पटींनी जास्त असल्याचे २०१७ मध्ये आढळले, ते या नेहमीच्या कसोट्यांनी दिसले नसते. वेदनाशामकांचेही तसेच आहे. साडेसतरा नळीपाशी कालव्यात पडणारे पाणी, उरुळी कांचनपाशी पोहोचलेले पाणी आणि खडकवासल्याच्या वरचे पाणी असे तीन नमुने घेऊन त्यांत एकाच वाणाचे कापलेले जलव्याल अथवा प्लॅनेरिया ठेवल्यास, रासायनिक विश्लेषणाचा मोठा खर्च न करता, पुनर्जननाच्या वेगातील फरक दोन आठवड्यांत मोजता येतो. अशा चाचणीत कोणत्या द्रव्याने वाढ खुंटली हे कळत नाही. कारण त्या पाण्यात साबण, कीटकनाशके, अमोनिया व डझनावारी औषधे एकत्र असतात. प्राणी त्या सर्वांना एकदमच सामोरा जातो, आणि एकेका शुद्ध औषधावरील प्रयोगांत नेमकी हीच स्थिती सुटून जाते. चाचणीत फरक आढळला, तर त्यानंतर विशिष्ट औषधासाठी रासायनिक विश्लेषण करावयाचे, असा क्रम पर्यावरणीय विषविज्ञानात रूढ आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी अनेक पटींनी वाढून औषधांची संहती घटते. म्हणून नमुने घेण्यास मार्च ते मे हा काळ योग्य असतो. त्या महिन्यांत धरणातून नदीत जवळजवळ पाणी सोडले जात नाही आणि शहराखालच्या पात्रात वाहते ते मुख्यतः सांडपाणीच असते.